ग्रंथापुढची खुर्ची

शकुताई गेल्यावर एकलहऱ्याच्या विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं. तिथं जमलेली माणसं तिच्याबद्दल जे बोलली, ते ऐकून मी घरी आले आणि बरेच दिवस कुणाशी धड बोलले नाही. रडू यायला हवं होतं, पण राग येत होता. एकेक जण माइकपाशी येई आणि थोड्याफार फरकाने तेच सांगे. शकुताई म्हणजे हसतमुख व्यक्तिमत्त्व. धाकट्या बहिणीचं जन्माचं दुखणं, पण घरात कधी कुरकुर नाही. कमिटीतला एक तरुण मुलगा, ज्याने ताईला फार तर बाजारात पिशवी घेऊन जाताना पाहिलं असेल, म्हणाला, "त्या काळात, काही सोयी नसताना, या दोघी बहिणी किती पॉझिटिव्ह होत्या! आपल्या पिढीने हे शिकायला पाहिजे." मग त्याने माइक माझ्यासमोर धरला. "मॅडम, उठू नका, बसूनच बोला. दोन चांगले शब्द." मी माइक परत दिला. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

त्याच विहारात, त्याच शहाबादी फरशीवर उभी राहून माझी बहीण एकदा जशी चिडली होती, तसं चिडलेलं माणूस मी नंतर पाहिलेलं नाही. आणि तिच्या त्या चिडण्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. ते कुणालाच आठवत नसेल, किंवा आठवून सोयीने विसरलं गेलं असेल, तर निदान मी लिहून ठेवलं पाहिजे.

आमचं क्वार्टर वीजकेंद्राच्या कॉलनीत होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कोळसा विभागात फिटर होते. त्या घराचा पहिला आवाज म्हणजे भोंगा, दुसरा कोळशाच्या वाघिणींची खडखड, आणि तिसरा, कधीही अवचित येणारा, वाफ सोडल्याचा. तो इतका मोठा असायचा की बोलणारं माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचं आणि आवाज सरला की पुढचा शब्द बोलायचं. पाहुणे दचकत, आम्ही नाही. राख सगळीकडे असायची. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीसारख्या वाढलेल्या सब्ज्याच्या पानांवर, झाकण राहिलं तर वरणावरसुद्धा. आई भाकरी थापायच्या आधी परात पदराने पुसायची, आणि तो पदरही राखाडीच असायचा. सकाळी घरात बाजरीच्या भाकरीचा आणि तव्यावर परतलेल्या सुकटीचा वास भरलेला असे. हा वास मला अजूनही दुखण्यासकट आठवतो, कारण तो यायला लागला की उठायची वेळ झालेली असे आणि मला उठता येत नसे.

पाठ जिथं संपते तिथं, दोन्ही बाजूंना, खोल हाडात ते दुखायचं. दिवसा चालत-फिरत राहिलं तर कमी होई. बसलं की वाढे. आणि झोपून उठताना तर असं वाटे की कुणीतरी कमरेत सिमेंट ओतून वाळवलंय. ताई माझ्या शेजारी झोपायची. ती आधी मला कुशीवर वळवायची, मग माझे गुडघे पोटाशी आणायची, मग खांद्याखाली हात घालून बसती करायची. हे सगळं ती अजिबात प्रेमळपणे करत नसे. "हल की जरा, सुमे. पोतं झालीयस नुसती," असं पुटपुटत करायची. आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून द्यायची. ते शेकताना पाच-दहा मिनिटं बरं वाटायचं. ताईने शाळा सातवीत सोडली होती आणि ती ओट्यावर मशीन टाकून कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मी बारावी झाले होते, चांगल्या मार्कांनी.

नाशिकरोडच्या एका डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो काढला होता. फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरून ते म्हणाले, "काही नाही. एकदम स्वच्छ आहे." अण्णांनी त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला. काहीच न सापडणं ही सगळ्यांसाठी आनंदाची बातमी होती. ज्याचं दुखतं त्याच्यावर मात्र तो आरोप असतो, हे मला त्या दिवशी रसाचा ग्लास हातात धरून कळलं. पुढे केस पिकायला लागल्यावर गंगापूर रोडवरच्या एका तज्ज्ञ बाईंनी माझ्या आजाराला नाव दिलं आणि सहज सांगितलं, "सुरुवातीच्या वर्षांत हे फोटोत दिसत नाहीच." त्यांच्या टेबलावरच्या हसऱ्या सूर्याच्या चित्राखाली लिहिलं होतं की वेदना अटळ आहे पण रडणं आपल्या हातात आहे. मी त्या बाईंचे आभार मानले. चित्र पाठमोरं करून ठेवायची इच्छा फार झाली.

फोटो स्वच्छ आल्यापासून मात्र सल्ल्यांना ऊत आला. विंचूरची मावशी कांद्याची गोण घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून आईला म्हणायची, "काय नाय झालं तिला. लगीन लावून दे, समदं बरं व्हतं. मला न्हाय का, लग्नाआधी लय पोटात दुखायचं."

"मग लग्नानंतर?" ताई मशीनवरून मान वर न करता विचारायची.

"लग्नानंतर येळ कुणाला व्हता दुखायला?"

मावशी स्वतःच हसायची. आम्हीही हसायचो, कारण मावशीवर रागावता येत नसे. आज वाटतं, त्या हसण्यातच मावशीच्या पोटाचं काय झालं हे विचारायचं राहून गेलं.

आमच्या घरी देव नव्हते, नवस नव्हते, उतारे नव्हते. अण्णांना याचा अभिमान होता आणि तो रास्त होता. पण विहारात येणारी आमचीच माणसं मला वेगळ्या रीतीने गप्प करायची. "दुःख आहे, बाळ. पहिलं सत्यच ते आहे," असं म्हणत पाठीवर हात फिरवायची. नेमका दुखतं तिथेच. मला त्यांना सांगावंसं वाटे की पहिल्याच्या पुढे दुसरं आहे. दुःखाला कारण आहे. पुढे तिसरंही आहे, ते दूर करता येतं. पहिल्या पानावर बोट ठेवून पुस्तक का मिटता? पण हे मी मनातच म्हणायचे, कारण मला कॉलेजात जायचं होतं आणि त्यासाठी मला काहीही दुखत नाही असं दाखवणं भाग होतं.

झालं होतं असं. मला बी.ए. करून शिक्षिका व्हायचं होतं. अण्णांची ना नव्हती, उलट त्यांनाच जास्त हौस. पण एका संध्याकाळी मला ओट्यावरून भिंत धरून उठताना त्यांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "तुला घरात तासभर बसवत नाही. बसने जाणार, बाकावर बसणार, परत येणार. वर्ष वाया जाईल आणि तब्येत पण. यंदा घरीच राहा." मी म्हटलं, "बसवतं मला." ते म्हणाले, "दाखव." हा शब्द त्यांनी रागाने नाही, काळजीने उच्चारला होता, आणि म्हणूनच त्यातून सुटका नव्हती.

त्याच आठवड्यात पगारे गुरुजी घरी आले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, विहार कमिटीचे सचिव. माझ्या वाचनाचं वेड त्यांनीच पोसलं होतं, हे मी नाकारत नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. मग अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं. एक जण चौरंगावर ग्रंथ ठेवून वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. "या वर्षी वाचायला सुमन," गुरुजी म्हणाले. "आवाज स्वच्छ आहे, उच्चार चांगले आहेत. आजवर एकही मुलगी वाचायला बसली नाही." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की कॉलेजची परीक्षा हीच. वर्षावासभर मांडी घालून वाचलं तर मला बसवतं. नाही तर नाही.

मी बसले. पावसाळी दमट हवा, खालून गार फरशी, वर पातळ सतरंजी. पहिली काही पानं बरी जायची. मग डाव्या बाजूला एक ठिणगी पडे, ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरे, आणि त्यानंतरचं सगळं वाचन मी एका बाजूने ग्रंथ आणि एका बाजूने दुखणं असं दोन्ही सांभाळत करायचे. आवाज कापू दिला नाही. कधी चेहरा वाकडा होऊ लागला तर मी किंचित हसायचे, म्हणजे ओठांना काहीतरी काम मिळायचं. लोकांना ते हसू फार आवडलं. बायका आईला सांगायच्या, "तुमच्या सुमनचा चेहरा बघावा, वाचताना कसा खुलतो." माझ्या कमरेबद्दल कॉलनीत माहीत होतंच. एका रविवारी वाचन संपल्यावर गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या मुलीला त्रास आहे. पण आसन सोडत नाही. याला म्हणतात धम्म अंगी बाणणं." टाळ्या पडल्या. मला तेव्हा छान वाटलं. आता त्या टाळ्या आठवल्या की कानशिलं तापतात. समोर एक मूल दुखण्याने पांढरं पडलंय, हे ज्यांना दिसत होतं, त्यांनी हात पुढे करायच्या ऐवजी ते एकमेकांवर आपटले.

टाळ्या न वाजवणारी एकटी ताई होती. ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. वाचन संपलं की सगळे बाहेर पडेपर्यंत चौरंग पुसल्यासारखं करत माझ्याजवळ थांबायची आणि मग मला उठवायची. वाटेत एकदा म्हणाली, "खुर्ची माग."

"गुरुजी देणार नाहीत."

"न मागताच कळलं?"

"आणि अण्णांना कळेल ना, मला बसवत नाही ते."

ती थांबली. "म्हणजे दुखतं म्हटलं तर घरी बस, आणि दुखत नाही म्हटलं तर खाली बस. वा! कुणी काढला हा कायदा?" मी म्हटलं, हळू बोल. ती म्हणाली, "का हळू?"

अश्विन पौर्णिमा जवळ आली तेव्हा शेवटची प्रकरणं ऐकायला गर्दी वाढली. अशातच एका संध्याकाळी, वाचन मधोमध असताना, जवळच्या गावी वर्षावासाला राहिलेले एक भन्ते, म्हणजे भिक्खू, विहारात आले. भन्ते आत येतात तेव्हा सगळे उठून हात जोडून उभे राहतात. सगळे उभे राहिले. मीही उठायला गेले, आणि माझे पाय माझे नव्हतेच. दोन्ही हात फरशीवर टेकून जोर लावला. कमरेत असं काही चमकलं की डोळ्यांपुढचा ग्रंथ नाहीसा झाला. अख्खं विहार उभं आणि चौरंगामागे मी एकटी बसलेली. भन्ते पुढे जाऊन आसनावर बसलेसुद्धा. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. लक्ष बाकीच्यांचं होतं.

"उठ बाळ," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. मग जरा मोठ्याने, "सुमन, ऊठ."

मागून एका बाईचा आवाज आला, "चार बुकं शिकली की भन्तेंसाठी पण उठवत नाही पोरींना."

ज्या दुखण्यात बसून राहिले म्हणून काल माझा गौरव झाला, त्याच दुखण्यात बसून राहिले म्हणून आज मी उद्धट ठरले. दुखणं तेच होतं. माणसंही तीच होती.

ताई गर्दीतून पुढे आली. तिने माझ्या काखेत हात घातले आणि रोज सकाळी करायची तसंच, न बोलता, मला उभी केली. अण्णा दाराशी होते. घरी आल्यावर त्यांनी पायातले बूट काढले, त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राहू दे आता कॉलेजचं." त्यांचा आवाज मऊ होता. आईने ताटं वाढली. वाटाण्याची उसळ होती. कुणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी विहारात जाणार नव्हते. ताई म्हणाली, "चल." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी तुला विचारलेलं नाही." मग तिने अण्णांची खुर्ची उचलली. त्या खुर्चीत घरात दुसरं कुणी बसत नसे. लोखंडी नळीची, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली, एक पाय जरा आखूड. ती डोक्यावर उलटी घेऊन ताई कॉलनीच्या मधल्या रस्त्याने निघाली आणि मी मागे. ओट्याओट्यावरून माणसं बघत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "शकू, घर बदललं का?" ती म्हणाली, "नाही काका, बदलायचं राहिलंय."

विहारात लोक जमले होते. तिने चौरंग बाजूला सारला, खुर्ची मांडली, समोर कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढलं आणि त्यावर ग्रंथ ठेवला. गुरुजी लगबगीने आले.

"शकू, हे काय? मूर्तीपुढे खुर्ची चालत नाही."

"कुणाला चालत नाही?"

"रीत आहे. सगळे जमिनीवर आणि एक जण खुर्चीत, हे कसं दिसतं?"

"गुरुजी, कसं दिसतं ते तुम्ही बघा. कसं दुखतं ते ती बघते आहे. एवढे दिवस बघते आहे."

"अगं, तिचं कौतुक आम्हीच केलं ना? उलट तिने दाखवून दिलं की मन खंबीर असलं तर..."

"कौतुक बंद करा!" ताई ओरडली. नेमकी त्याच क्षणी केंद्रातून वाफ सुटली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. आमच्या सवयीप्रमाणे सगळं विहार थांबलं. गुरुजी थांबले, माणसं थांबली. ताईसुद्धा बोट वर करून तशीच उभी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी. आवाज सरला. दुसऱ्या कुणाचा राग तेवढ्यात उतरला असता. तिने बोट भिंतीकडे नेलं. तिथं निळ्या कोटातली ती तसबीर होती, आमच्या प्रत्येकाच्या घरात असते तीच. "ते बघा. बाबा कशावर बसलेत? मांडी घालून बसलेत का? खुर्चीत बसलेत आणि हातात पुस्तक आहे. आणि तुम्ही त्यांच्या लेकीला सांगता की पुस्तक वाचायचं तर आधी जमिनीवर बस आणि दुखलं तर हस?"

 गुरुजींनी तसबिरीकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. "पायंडा पडेल," ते हळूच म्हणाले. "उद्या सगळेच मागतील."

"मागू द्या की."

तेव्हा मधल्या रांगेतून भिकाबाई, कॉलनीतली सगळ्यात म्हातारी बाई, म्हणाली, "मग मलाबी एक आण गं शकू. माझं गुडघं लय वर्सं झाली बोंबलत्यात. लाजंकाजं कुणाला सांगत नाय." कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. मी मात्र भिकाबाईकडे बघत राहिले. ती माझ्या वाचनाला रोज यायची, रोज पुढे मागे झुलत ऐकायची. मला वाटायचं, तल्लीन झालीय.

मी खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. आखूड पायामुळे खुर्ची हलत होती. माझा आवाज अडखळला. तेव्हा ताई मागे येऊन उभी राहिली आणि तिने पाठीची दांडी दोन्ही हातांनी धरून खुर्ची स्थिर केली. पूर्ण वाचन होईपर्यंत ती तशीच उभी होती. दुखणं थांबलं नव्हतं. खुर्चीने दुखणं थांबत नाही. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी हसले नाही, आणि पहिल्यांदा मला वाचलेलं सगळं समजलं.

अण्णा विहाराबाहेर चपलांपाशी उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर कळलं.  दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या जुन्या रबराचे चार तुकडे आणले, कापून खुर्चीच्या पायांना बसवले, आखूड पायाला जाड. खुर्ची फरशीवर दाबून बघितली. मग मला म्हणाले, "बसमध्ये काय करशील?"

"उभी राहीन. उभं राहिलं की कमी दुखतं."

"आणि वर्गात?"

"दुखलं की उठेन. सांगेन त्यांना."

"सांगशील?"

"सांगेन."

त्यांनी मान हलवली. पुढच्या जूनमध्ये मी नाशिकच्या बसमध्ये उभी होते. बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि सगळी नोकरी फळ्यापाशी उभी राहून केली. दुखतच केली. बऱ्याच सकाळी रडत उठले, आणि रडून झाल्यावर शाळेत गेले. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला कधी वाटलं नाही. आड आली ती माणसांची अपेक्षा, की रडायचं नाहीच.

त्याच वर्षी अश्विन पौर्णिमेला विहारात भिकाबाईसाठी खुर्ची आली होती. आता तर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगाच असतात. पुण्यानुमोदनाला त्यांत बसूनच सगळ्यांनी ताईच्या हसतमुखपणावर माना डोलावल्या. आपल्या बुडाखाली ही खुर्ची कुणाच्या संतापाने आली, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून तो परत दिलेला माइक मी आता घेते. माझी बहीण हसतमुख नव्हती. ती तोंडाळ होती, चिडकी होती, मला पोतं म्हणायची. आणि मला किती दुखतंय हे मी न सांगता जिला कळलं, अशी ती एकच होती.

अण्णांची खुर्ची माझ्याकडे आहे. पट्ट्या दोनदा नव्या विणून घेतल्या, रबराचे तुकडे तेच आहेत. हे सगळं मी तिच्यात बसून लिहिलं, मधूनमधून उठत, फेऱ्या मारत. खुर्ची आता हलत नाही. तरी लिहिता लिहिता माझा हात मागे जातो आणि पाठीची दांडी चाचपून येतो.